हम गेला, करंटही गेला : गाळ्याच्या अर्थिंगची नोंद

मागच्या नोंदीत अडकलेला तिढा असा होता: बँडच्या सरावाच्या गाळ्यात गिटार अँपचा लाइन-आउट मिक्सरला लावला की पीएच्या स्पीकरमधून हम, म्हणजे सततची गुणगुण, आणि मधल्या डीआय बॉक्सचं (सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे केबलच्या जाळीची जोडणी तोडणारं बटण, दाबलं की हम बंद, पण गाणाऱ्याच्या ओठाला माइकमधून करंट. दोन्हींपैकी एक रोग पत्करायचा, असा मामला. तो सुटला. नॉइज गेट पेडल (वाजवणं थांबलं की गिटारचा आवाज बंद करणारं) घ्यायचं ठरलं होतं ते रद्द, कारण दोष गिटारमध्ये नव्हताच.

आधी हमची ओळख पटवून घ्यावी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसरा फ्रेट दाबला की ‘जी’ हा सूर येतो, तो 49 हर्ट्झ. हम चालू असताना तो सूर धरून ठेवला आणि आवाज सेकंदाला साधारण एकदा हेलकावला, तर हम 50चा आहे. म्हणजे वायरिंग, अर्थिंग नाहीतर जवळची मोटर. तोच हेलकावा एक सप्तक वरच्या ‘जी’ सुरावर (98 हर्ट्झ) सेकंदाला दोनदा आला, तर हम 100चा. अशा वेळी संशय अँपच्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर घ्यावा. आपला निघाला 50चा.

एमआयडीसीतल्या या पत्र्याच्या गाळ्यात दोन बोर्ड आहेत. अँप पुढच्या बोर्डावर, तिथे अर्थिंगची तार आहे. मिक्सर मागच्या बोर्डावर. तिथल्या सॉकेटला तिसरं भोक आहे, पण मागे तारच नाही. मिक्सरचा पॉवर सप्लाय एसएमपीएस, म्हणजे मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग प्रकारचा. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन बारीक कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर बॉडी 230च्या अर्ध्यावर तरंगते. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक प्रोब गिटारच्या ब्रिजला, दुसरा माइकच्या जाळीला लावला तर 108 व्होल्ट. आकडा भीतिदायक आहे, पण प्रोबांच्या मध्ये 10 किलोओमचा रेझिस्टर धरला की तो 3 व्होल्टवर कोसळतो. कोसळला तर ती कपॅसिटरची गळती: चिमटा बसतो, जीव जात नाही. आकडा तसाच राहिला तर मेन स्विच पाडायचा आणि मगच पुढचं बोलायचं.

तिढ्याची उकल यातच आहे. केबल लावली की मिक्सरची गळती केबलच्या जाळीतून अँपच्या अर्थकडे वाहते, आणि तोच हम. लिफ्ट दाबलं की ती वाट बंद होते. मग गळतीला उरलेली वाट म्हणजे ओठ, हात, गिटारच्या तारा. पेडल, पिकअप, केबल बदलून यात काडीचा फरक पडत नाही. गिटारच्या पोकळीत कॉपर टेप लावणाऱ्यांसाठीही हेच. टेप चांगलीच, मात्र जोडांवर सोल्डर हवं, कारण स्वस्त टेपचा गोंद वीज नेत नाही. पण तिचा या रोगाशी संबंध नाही.

इलाज: पुढच्या बोर्डापासून 2.5 चौरस मिमीची तीन कोअर वायर आणि एकच जड एक्स्टेंशन. अँप, बेस अँप, मिक्सर, पेडलचे अडॅप्टर, सगळं त्यावर. हम गेला. लिफ्ट न दाबताही गेला. माइक आणि ब्रिजमध्ये आता 0.2 व्होल्ट. ‘लाईट गई’ हे आपलं गाणं सुरू व्हायच्या आधीच्या चार काउंटमध्ये पहिल्यांदा खरी शांतता ऐकू आली!

शांतता टिकली कूलर लावेपर्यंत. मे महिन्यात पत्र्याखाली कूलरशिवाय ड्रमर बसूच शकत नाही. कूलर त्याच बोर्डावर लावला, खाली फरशी ओली, पायात चप्पल नाही, आणि गिटारच्या तारांना हात लावताच झिणझिणी. तारा ते ओली फरशी 38 व्होल्ट. रेझिस्टर लावूनही 38च. म्हणजे खरा फॉल्ट. कूलरचा पाण्यातला पंप जुना होऊन अर्थमध्ये करंट सोडत होता, आणि अर्थिंगचा खड्डा तो गिळू शकत नव्हता. सगळी सामग्री एकाच अर्थवर असल्यामुळे पंपाचा करंट थेट गिटारच्या तारांपर्यंत.

खड्डा तपासायला 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब पुरतो. सगळी सामग्री काढून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावायचा. चाचणी चालू असताना अर्थला जोडलेल्या कशालाच हात लावायचा नाही, कारण खराब अर्थचं व्होल्टेज तेवढा वेळ वर चढतं. हे वायरमनकडूनच करून घ्या. बल्बाशिवाय 228 व्होल्ट, बल्ब लावल्यावर 160. म्हणजे 68 व्होल्ट जमिनीत पडले. बल्बाचा करंट अंदाजे 0.35 अँपिअर, म्हणजे रोध 195 ओमच्या आसपास. पंपाची गळती त्या हिशेबाने 0.2 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) एवढ्याची दखलही घेत नाही.

कारण काळ्या मातीत आहे. ओली असली तर अर्थिंगला तिच्याइतकी चांगली माती नाही. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. आपल्या खड्ड्यातला पाइप हाताने हलत होता. क्लँपचा नट गंजून भुगा. नवीन काम: 40 मिमीचा, अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती. मीठ रोध कमी करतं, पण पाइप खातं आणि पावसात वाहून जातं. बेंटोनाइट फुगून पाइपला चिकटून राहतं. वर फनेल, आठवड्याला दोन बादल्या पाणी. बल्ब पुन्हा लावला: 4 व्होल्टची घट, म्हणजे साडेनऊ ओम. पंप नवा टाकला. कूलर चालू, झिणझिणी शून्य. उरलेली बारीक गुणगुण गिटार फिरवली की बदलते. ती कूलरच्या मोटरच्या चुंबकीय क्षेत्राची, सिंगल कॉइल पिकअपला ऐकू येणारच. कूलर गिटारपासून लांब सरकवला.

एका वायरमनने सुचवलेला उपाय मात्र कुणीही करू नये: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणे. हम जातो, हे खरं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की सगळ्या अँपच्या बॉडीवर 230, आणि तारा गळ्यात.

‘लाईट गई’ आता पक्कं: ए-डी-ई, 176 बीपीएम (मिनिटाला ठोके), सगळे डाउनस्ट्रोक. इंट्रो 8 बार, कडवं 16, कोरस 8, कडवं 16, कोरस 8, ब्रेक 8, शेवटचा कोरस 16. एकूण 80 बार, 1 मिनिट 49 सेकंद. अहिराणी ओळी या वेगात मराठीपेक्षा सोप्या जातात, शब्द तुटक आणि जोरकस पडतात. दुसऱ्या कडव्यात ड्रम अजून पळतो. क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, फक्त ड्रमरच्या कानात द्यायचा.

आवाजाचं घुमणं कमी करायला भिंतींना चटया लावू नका. प्लॅस्टिकची चटई काही शोषत नाही. पिंजाऱ्याकडून जुन्या गाद्यांचा कापूस घेऊन चार इंची पोती भरली, कोपऱ्यांत उभी केली. किकची घुमघुम बरीच उतरली.

गेटचे वाचलेले पैसे 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीकडे (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वळवले. तो गाळ्यात बसवायचा बेत होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की तो एक्स्टेंशनच्या डब्यातच बसवावा, म्हणजे बाहेर वाजवायला जाताना सोबत येईल. अडचण मांडवातल्या जनरेटरची. त्याचा न्यूट्रल बऱ्याचदा तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला असतो. अशा वेळी फॉल्टच्या करंटला परतीची वाटच नसते आणि आरसीसीबी पडत नाही. म्हणून डब्यासोबत एक मीटरचा तांब्याचा रॉड, क्लँप आणि दहा मीटर हिरवी तार. जनरेटरवाल्याला विचारून न्यूट्रल जनरेटरपाशीच बॉडीला आणि रॉडला बांधायचा, आरसीसीबीच्या आधी. अमळनेरच्या कार्यक्रमाआधी हा जोड भाड्याच्या जनरेटरवर तपासायचा आहे. त्यासाठी खरा अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजणारा मीटर हवा. जळगाव-भुसावळकडे कुणाकडे असेल तर एका दिवसासाठी द्या.