सिम थांबला की पोट ढवळायचं

बोइंग ७३७च्या टाइप रेटिंगला, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी मिळवायला, फुल फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (खऱ्या कॉकपिटसारख्या हलत्या खोलीत) बसायच्या आधी सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: हलायला लागलं की मळमळेल. मळमळलं खरं, पण हलणं बंद झाल्यावर.

छोटा पूल ओलांडून आत गेलो, पूल उचलला गेला, पट्टे आवळले आणि सहा जॅकवरची ती खोली अलगद वर आली. इंजिनांचा जोर वाढवणारे थ्रस्ट लिव्हर पुढे सारले तशी पाठ सीटला चिकटली. वाटलं, सुटलो! बाहेर उभं राहून बघितलं तर खोली आधी किंचित पुढे झेपावते आणि मग मागे कलून बसते, एवढंच. कलते इतकी सावकाश की कानातल्या तोलाच्या यंत्रणेला पत्ता लागत नाही. गुरुत्वाकर्षण कुठलं आणि वाढता वेग कुठला हे तिला नुसतं वेगळं करता येत नाही, आणि डोळ्यांसमोर सपाट धावपट्टी पळत असते. ही लबाडी मला पाठ होती, तरी प्रत्येक टेकऑफला फसलो. (एडविन लिंकने १९२९ मध्ये आपला ट्रेनर, म्हणजे आजच्या सिमचा पूर्वज, बनवला तेव्हा वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरले होते. जॅक वगैरे नंतर आले.)

घाम काढला तो इंजिन फेल्युअरने. व्ही-वन, म्हणजे ज्याच्यापुढे टेकऑफ सोडायचा नाही तो वेग, गाठला आणि उजवं इंजिन गेलं. डोळ्यांच्या आधी कंबरेला कळलं, सीट बाजूला ओढल्यासारखी झाली. नाक सरळ ठेवायला डाव्या पायाने रडरचं (शेपटावरच्या सुकाणूचं) पेडल दाबलं आणि दाबूनच धरलं. पाचव्या-सहाव्या वेळेला मांडी अशी थरथरायला लागली की पेडलच हलतंय असं वाटलं. मागून इन्स्ट्रक्टर म्हणाले, "अरे, ट्रिम कर की! पायाला किती छळशील?" ट्रिम केलं की रडर तिथेच राहतो, पायाने दाबून धरावा लागत नाही. हाताने योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, इतका आवळला होता की बोटं सोडवावी लागली.

स्टीप टर्नला उलटंच झालं. ४५ अंशांच्या वळणात, उंची राखली तर खऱ्या विमानात अंग जवळजवळ दीडपट जड होतं. छोट्या विमानात मी तो भार बुडाला जाणवला की योक किती ओढायचा ते ठरवायचो. सिममध्ये हा भार टिकवून धरता येत नाही, त्यामुळे सीट गप्प. मी भाराची वाट बघत बसलो आणि उंची घसरली. दुसऱ्या वेळी नजर उपकरणांवरून हलवली नाही.

आणि मग ते थांबणं. लँडिंग बिघडलं की इन्स्ट्रक्टर "फ्रीझ" म्हणत आणि पुन्हा फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, नेऊन ठेवत. म्हणजे मी जागच्या जागी बसलेलो, पण धावपट्टी, दिवे, क्षितिज, सगळं दोन क्षणांत सरकून लांब गेलेलं. पहिल्याच वेळी तोंडाला पाणी सुटलं, कपाळ गार पडलं. शेजारचा पार्टनर चेकलिस्टमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, अभ्यासू आहे. "डोळे खाली ठेव," तो पुटपुटला, "सगळे हेच करतात." तेव्हापासून फ्रीझ ऐकलं की मी डोळेच मिटायचो.

चार तासांनी पूल खाली आला. सपाट जमिनीवर मी कठडा धरून चाललो आणि त्या दिवशी गाडी चालवली नाही. रात्री पडलो तर पलंग हळूच मागे कलत होता, आणि डावा पाय ताठ.