कंबरेचं खातं

जुलै 2024 मधला एक सोमवार. आमच्या कारखान्यातले मामा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. बावीस वर्षं या कंपनीत काढलेला माणूस, पण उचल मागायला कधी आला नव्हता. "मॅडम, आठ हजार पाहिजेत. एमआरआय सांगितलाय." मग जरा ओशाळून म्हणाले, "बसलो तर उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून उभाच आहे."

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात हिशेब बघते. पगार, पीएफ, ईएसआय (म्हणजे कामगारांचा सरकारी विमा), जीएसटी, बँक, सगळं एकाच टेबलावर. माल म्हणजे बुश आणि पिना, यंत्रांचे छोटे सुटे भाग. प्लेटिंगवरून, म्हणजे मुलामा चढवून, क्रेट भरून येतात, आमच्याकडे तपासले जातात, पॅक होतात आणि टेम्पोत चढतात. मामा तपासणी-पॅकिंगच्या खात्यात. राहायला मोशीला, रोज स्पाइन रोडने स्कूटरवर. "मणक्याच्याच रस्त्यानं येतो आणि मणकाच गेला," हा विनोद त्यांनी स्वतःच केला. मला हसू आलं नाही, कारण पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघून गेलं होतं: "अहो, ईएसआयला जा ना, तिथं पैसे कशाला?"

ते नुसते बघत राहिले. तेव्हा मला आठवलं. दोन वर्षांपूर्वीच्या पगारवाढीत त्यांचा पगार 21,000 च्या वर गेला होता आणि ईएसआयमधून त्यांचं नाव मीच कमी केलं होतं. ही मर्यादा 2017 पासून तिथंच होती. त्या दिवशी त्यांनी खात्यात पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते.

आठ हजार दिले, महिना पाचशे कापायचे ठरले. एमआरआयमध्ये कंबरेच्या खालच्या मणक्यातली चकती सरकून नस दाबली जात असल्याचं निघालं. ऑपरेशन लागलं नाही. बहुतेकांना लागतही नाही म्हणे. सहा आठवडे फिजिओकडे जाऊन व्यायाम, नुसतं पडून राहायचं नाही, चालत राहायचं. पण ते सहा आठवडे पॅकिंगची जी दैना झाली, त्यातून मी या भानगडीत पडले.

पहिल्यांदा हजेरीपत्रक काढलं. क्रेट उचलणारी आमच्याकडे चार माणसं. एप्रिल 2023 ते मार्च 2024 या वर्षात या चौघांच्या मिळून 61 दिवस गैरहजेऱ्या. शेजारच्या मशीन शॉपमध्ये चौदा माणसं, त्यांच्या सगळ्यांच्या मिळून 38. कारणं लिहिलेली: ताप, गावाला, घरगुती, लग्न, पुन्हा ताप. कंबर कुठेच नाही. चहाच्या वेळेला जाऊन विचारलं, तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, "कंबर दुखते म्हटलं तर मुकादम म्हणतो उद्यापासून येऊ नको." कंत्राटी पोरगा खरं कारण लिहील कशाला?

आणि ईएसआयचं म्हणाल, तर या पोरांचे पैसे दर महिन्याला कापले जातात: त्यांच्याकडून 0.75 टक्के, वरचे 3.25 टक्के मालकाकडचे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते, हे मला पाठ आहे. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या कालावधीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आमच्याकडे कंबर धरलेला पोरगा दीड-दोन महिन्यांत काम सोडून जायचा. म्हणजे 78 दिवस भरायच्या आतच. मामांचा पगार जास्त झाला म्हणून सुटले, पोरांचे दिवस कमी भरले म्हणून सुटली. कारखाने कायद्याप्रमाणे कळवायच्या आजारांची यादीही मी उघडली. त्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार होता. कंबरदुखी नव्हती. कुठल्याच कागदावर नसलेलं दुखणं!

साहेबांना सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंबरेचे बारा पट्टे मागवले, 450 ला एक. पोरांनी आठ दिवस बांधले. वर पत्रा, खाली घाम, त्यात पट्टा. पंधराव्या दिवशी बारा पट्टे बारा खिळ्यांना. पट्ट्याने दुखापत टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने 1994 मध्येच सांगून ठेवलंय, हे मला नंतर कळलं. 5,400 रुपये 'किरकोळ खर्चा'त गेले.

ही नायॉश मला भाच्याने दाखवली. तो प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याआधी एका सल्लागाराकडून कोटेशन आणलं होतं. आकडा वाचून साहेबांनी कागद उलटा ठेवला. भाचा म्हणाला, "मावशी, टेप घे, वजनकाटा घे, आपणच मोजू." वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. नायॉशने ते 1991 मध्ये सुधारलं. सगळं आदर्श असेल तर 23 किलो, इथून सुरुवात करायची. मग परिस्थिती जितकी वाईट, तितका तो आकडा कापत जायचा. टीडीएससारखंच! हे म्हटल्यावर मला एकदम कळलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं आणि वॉचमन. भरलेला क्रेट 14 किलो. पॅलेट, म्हणजे क्रेट रचायची फळी, जमिनीवर, त्यामुळे सगळ्यात खालच्या क्रेटची मूठ जमिनीपासून 15 सेंटिमीटर. पॅलेट एका बाजूने भिंतीला टेकलेलं, म्हणून पलीकडच्या रांगेपर्यंत वाकून हात घालावा लागतो: घोट्यांपासून मुठीपर्यंत 50 सेंटिमीटर. टेबल 90 वर, म्हणजे क्रेट 75 सेंटिमीटर वर न्यायचा. आणि टेबल बाजूला, म्हणून कंबरेत 45 अंश वळायचं. मिनिटाला एक क्रेट, दिवसभर.

आता कापायला घ्या. शरीरापासून लांब असण्याबद्दल 25 भागिले 50, म्हणजे निम्मे गेले. इतक्या खालून उचलण्याबद्दल 0.82. वर नेण्याबद्दल 0.88. वळण्याबद्दल 0.856. दिवसभर मिनिटाला एक, त्याबद्दल 0.75. 23 ला या सगळ्यांनी गुणलं तर उरतात 5.3 किलो. उचलतात 14. म्हणजे सोसवेल त्याच्या अडीचपटीहून जास्त. आणि दिवसाला साधारण 400 क्रेट धरले तर एक माणूस 5,600 किलो उचलतो. साडेपाच टन! आमचा टेम्पोसुद्धा इतका माल एका खेपेत नेत नाही.

मामा तोवर कामावर आले होते, तपासणीला बसून. त्यांना 23 किलोचं सांगितलं तर म्हणाले, "तेवीस? माझा बाप भवानी पेठेत शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचा." मग थोड्या वेळाने, पिन मापाच्या गेजमध्ये घालता घालता, "पंचेचाळिशीत सरळ उभं राहता येत नव्हतं त्याला." पोत्याचं वजन पन्नासवर आणा म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने इथंच पुण्यात वर्षानुवर्षं भांडण केलं. ते शंभराचं पोतं निदान डोळ्यांना तरी दिसायचं. आमचा 14 किलोचा क्रेट बघून कोण मोर्चा काढणार?

आता साहेबांपुढे काय ठेवायचं? कायदा दाखवायचा मोह झाला होता. इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नये असं तेव्हाच्या कारखाने कायद्याचं कलम 34 सांगत होतं. पण कायदा दाखवला की साहेब वकिलाला फोन लावतात आणि विषय तिथंच संपतो. मला माझंच शस्त्र बरं. कंबरेचा खर्च आमच्या वहीत होताच, फक्त विखुरलेला. थोडा ओव्हरटाइममध्ये, थोडा ग्राहकाच्या डेबिट नोटमध्ये (चुकीच्या मालापायी त्याने कापलेले पैसे), थोडा कंत्राटदाराच्या बिलात. मी 'कंबर' नावाचं एक खातं उघडलं आणि सगळं तिथं आणलं.

61 दिवसांची जागा ओव्हरटाइमने भरली. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे दिवसाला 1,400. गैरहजर माणसाची 700 रुपये मजुरी वाचली ती वजा केली, राहिले 42,700. त्या वर्षात चुकीचा माल पॅक झाल्याच्या दोन डेबिट नोटा आल्या होत्या. त्यातली एकच चार दिवसांपूर्वी लागलेल्या नव्या पोराच्या हातून झालेली, ती 38,500 ची घेतली. दुसरी सोडली. नवा पोरगा तयार होईपर्यंत काम मंदावतं, तेही सोडलं, कारण त्याचा कागद माझ्याकडे नव्हता. साहेब पहिल्यांदा तिथंच बोट ठेवणार हे मला माहीत होतं. बेरीज 81,200.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे सगळे पैसे गेलेत?"
"गेलेत. मीच दिलेत."
"मग आधी का नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा वर्षं मीच ते चार वेगवेगळ्या खात्यांत टाकत होते.

पैसे लगेच सुटले असं मात्र नाही. "आधी फुकटात काय होतं ते बघा," म्हणाले. म्हणून भरलेल्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेट घातली. खालचा थर वर आला, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी हिंगोलीकडचा एक बुटका पोरगा खांदा चोळत आला. खालचा थर वर गेला तसा वरचा थर त्याच्या डोक्याच्या वर गेला होता! सूत्रात हे आहेच. मूठ 75 सेंटिमीटरवर असेल तर काही कापायचं नाही, त्याच्या खाली गेलात तरी कापायचं आणि वर गेलात तरी. आम्ही फक्त खालचंच वाचलं होतं.

म्हणजे उंची बदलत राहणारं टेबल हवं. पायाने पंप मारायचं हायड्रॉलिक लिफ्ट टेबल, 500 किलोचं, 38,000 ला मिळालं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून तो धरला नाही. ते जमिनीला समतल बसवायला खड्डा लागतो, नाहीतर हँड पॅलेट ट्रक, म्हणजे पॅलेट ओढायची हातगाडी, वर चढत नाही. खड्डा खणायचा तर शेडमालकाची परवानगी. त्यातच तीन आठवडे गेले, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. खड्ड्याचे 9,500. टेबल भिंतीपासून सोडून चौफेर मोकळं ठेवलं, म्हणजे माणूस क्रेटजवळ जाऊ शकतो. तपासणीचं टेबल समोर आणलं. पुन्हा मोजलं: अंतर 30, उंची 75, वळणं नाही. सूत्र म्हणतं 14.4 किलो. आमचा क्रेट 14. भाच्याने टाळी मागितली.

तपासणीच्या पोरींचं काम त्यामानाने स्वस्तात झालं. टेबल 90 वर, त्यावर क्रेट, म्हणजे हात जवळजवळ खांद्याला. भाच्याने बाजूने फोटो काढून काम करतानाची शरीराची ठेवण जोखणाऱ्या 'रुला' नावाच्या तक्त्यात गुण दिले: सातपैकी सात. इथं जास्त गुण म्हणजे नापास. लांडेवाडीच्या सुताराकडून सहा पाट करून घेतले, 350 ला एक. हो, पाटच, जेवायला बसायचे असतात तसे, फक्त रुंद. ज्या बुटक्या आहेत त्या पाटावर उभ्या राहतात, उंच असेल ती पाट सरकवते. अधूनमधून टेकायला स्टूलही आली. पहिल्या दिवशी पाटावर उभं राहायला कुणी तयार नव्हतं, पाटाला पाय कसा लावायचा म्हणून. मामांनी आधी स्वतः उभं राहून दाखवलं.

टेबल आलं तरी पोरं ते वापरेनात. पंप मारायला वेळ लागतो आणि तासाचं टार्गेट तेच. सुपरवायझर घड्याळ घेऊन उभा! शेवटी टार्गेट थोडं खाली आणलं आणि दर दोन तासांनी उचलणारा माणूस बदलायचा असं ठरलं. मधल्या वेळात लेबल लावणं, बॉक्स जोडणं. एवढ्यानेच सूत्रातला 0.75 चा 0.88 होतो, हे सुपरवायझरला पटवायला मला क्रेट उचलण्यापेक्षा जास्त श्रम पडले.

ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 या सहा महिन्यांत त्याच चार जागांवर 17 गैरहजेऱ्या. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत 34 होत्या. चार माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. त्या वर्षी लग्नंही कमी असतील. पण चारपैकी तीन पोरं अजून तीच आहेत, आणि त्यांतल्या दोघांचे 78 दिवस पहिल्यांदाच भरले.

माझं स्वतःचं सांगायचं तर मानेसाठी मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत हवा, म्हणून त्याखाली जुन्या व्हाउचरच्या फायली रचल्या. छान जमलं होतं. मग ऑडिटरने नेमकी 2017-18 ची फाइल मागितली. ती सगळ्यात खाली होती.

टेम्पोत माल चढवणारे हमाल मात्र अजून जमिनीवरूनच उचलतात. ते ट्रान्सपोर्टवाल्याचे, आपले नाहीत, असं साहेब म्हणतात. त्यांचं हजेरीपत्रक माझ्याकडे येत नाही, त्यामुळे त्यांची बेरीज मला करता येत नाही.

मामांच्या उचलीचे पाच हप्ते राहिलेत, अडीच हजार रुपये. परवा पगारपत्रक सहीला नेलं तेव्हा साहेबांना विचारलं, "हे अडीच हजार 'कंबर' खात्यात टाकू का?" साहेबांनी चष्मा पुसला, सही केली, काही बोलले नाहीत. मी टाकले.