त्या 'बॉम्बे' म्हणाल्या होत्या

मी अमेरिकेत लाइव्ह कॅप्शनिंग करते, म्हणजे कुणी बोलत असताना ते शब्द कर्णबधिरांसाठी तिथल्या तिथे पडद्यावर उमटवते. त्यासाठीच्या स्टेनो मशीनवर एकेक अक्षर टाइप करत नाहीत. पेटीवर सूर धरावेत तशा चार-पाच कळा एकदम दाबायच्या, की अख्खा शब्द उमटतो. कोणत्या दाबाला कोणता शब्द, हे ज्याच्या-त्याच्या डिक्शनरीवर. माझी मी बारा वर्षं पोसलीय.

परवा एका कॅथेड्रलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शेवटच्या रविवारच्या प्रवचनाची स्मृतिप्रार्थना होती. मूळ प्रवचन 31 मार्च 1968चं, वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमधलं. 4 एप्रिलला मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला. आयोजकांनी स्तोत्रं मला तीनदा पाठवली, जी पत्रिकेत छापलेलीच होती! वाचायच्या उताऱ्याच्या जागी मात्र नुसतं 'प्रवचनातील अंश', बस्स. त्यात दगडी छताखाली आवाज इतका घुमतो की कानात थेट साउंड मिक्सरची लाइन घेतल्याशिवाय एक वाक्य धड लागत नाही.

एक वयस्क पाद्रीबाई वाचत होत्या. प्रवचनात आपलं शहर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. 1959मध्ये किंग पती-पत्नी भारतात आले होते. ते सांगता सांगता किंग फुटपाथवर झोपणाऱ्या दहा लाखांहून जास्त माणसांवर येतात, आणि तिथून अमेरिका जादा धान्य साठवायला रोज उधळते त्या लाखो डॉलरवर. बाई 'बॉम्बे' म्हणाल्या, माझी बोटं चालली, आणि पडद्यावर आलं 'मुंबई'.

शिकाऊ असताना हट्टाने मीच डिक्शनरीत ती नोंद तशी केली होती.

शेवटचा शब्द पुसायला फुलीची (*) एक कळ पुरते. एरवी ती मी झोपेतही दाबेन. त्या दिवशी पडद्याकडे बघत राहिले. परळला शाळेच्या वाटेवर हॉस्पिटलांबाहेर पेशंटचे नातेवाईक झोपलेले असायचे. चादरीवर पाय पडू नये म्हणून आम्ही फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालायचो. तोवर बाई पुढे गेल्या होत्या, मी चार शब्द मागे.

नंतर पहिल्या रांगेतले एक कर्णबधिर आजोबा आले. फोनवर टाइप करून दाखवलं: "त्या बॉम्बे म्हणाल्या. मी ओठ वाचतो."

माझ्यासोबत कॅप्शन करणारी जोडीदारीण म्हणाली, शहर तेच ना, मग काय बिघडलं? तिच्या कॅप्शनमधून लोकांची 'आमेन'सुद्धा गळतात, त्यामुळे तिचं सोडा. पण आजोबा बरोबर होते.

रात्री लेखी प्रत पाठवताना 'बॉम्बे' केलं. डिक्शनरीतली नोंद अजून तशीच आहे.