तुम्ही विचारलंत म्हणून: वाढत्या अंगाची जर्सी

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दाराजवळच्या खुंट्यांपाशी घुटमळतोच. तिथे कोट टांगलेले असतात आणि कोटांच्या गर्दीत एक निळी जर्सी असते, पाठीवर पांढरा २६ आणि वर बार्कली हे नाव. पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, हा कोण? मी सांगतो, फुटबॉलवाला, न्यू यॉर्क जायंट्सचा होता. होता म्हणजे? म्हणजे आता फिलाडेल्फियाकडून खेळतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: एवढा चांगला होता तर सोडला कसा? इथे राहून ज्यांना या खेळाची चटक लागली आहे ते आमचे मित्र तेच जरा खवचटपणे विचारतात: तुम्हीच म्हणत होतात ना, सोडा त्याला म्हणून?

हो, म्हणत होतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे पायाचं काम बेताचं आणि हाताचं जास्त. क्वार्टरबॅक हा कर्ताधर्ता. बॉल त्याच्याकडे येतो, तो एकतर लांब फेकतो नाहीतर शेजारच्या गड्याच्या पोटात खुपसतो. ज्याच्या पोटात खुपसतो तो रनिंग बॅक. त्याने बॉल छातीशी कवटाळून समोरच्या अकरा जणांतून घुसायचं. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा, फक्त अंगावर येणाऱ्यांतले काही दीडशे किलोचे. त्यामुळे हे लोक लवकर झिजतात. आपल्याकडे ज्या वयात मुलाला स्थळं बघायला सुरुवात करतात, त्या वयात रनिंग बॅक म्हातारा धरला जातो.

सेक्वॉन बार्कलीला जायंट्सने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, दुसऱ्या नंबरला घेतला. तेव्हापासूनच भांडण. आमचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग ३७ वर्षांचा झाला होता, त्याचा वारस शोधायचं सोडून रनिंग बॅक? त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरला जॉश ॲलन बफेलोला गेला आणि बत्तिसाव्याला लमार जॅक्सन बाल्टिमोरला. दोघंही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. शेजारचा निवृत्त प्लंबर हे अजून ऐकवतो. त्याच्याकडे सीझनची तिकिटं आहेत, वडिलांनी घेतलेली, आणि वडिलांकडून तिकिटांबरोबर तक्रारी करायचा हक्कही मिळाला आहे असं तो समजतो.

पण पहिल्याच वर्षी बार्कली धावून आणि झेलून मिळून २०२८ यार्ड गेला. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. वाढदिवसाला त्याला जर्सी हवी होती. किंमत बघितली आणि मी आपला रीतसर वाढत्या अंगाची घेतली, मोठ्या माणसांच्या मापाची. गुडघ्यापर्यंत येत होती. दुकानातली बाई दोनदा विचारत होती, नक्की हीच द्यायची ना? तिला वाढतं अंग ही कल्पना कशी समजावणार.

मग २०१९ ला घोटा, २०२० ला दुसऱ्याच मॅचमध्ये गुडघ्याचा लिगामेंट. २०२२ मध्ये मात्र तो १३१२ यार्ड धावला आणि आम्ही प्लेऑफमध्ये मिनेसोटाला त्यांच्या घरी हरवून आलो. त्या आनंदात २०२३ च्या मार्चमध्ये टीमने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर देऊ केले आणि बार्कलीला लावला टॅग. टॅग म्हणजे लग्नही करायचं नाही आणि दुसरीकडे जाऊही द्यायचं नाही. एक वर्षाचे साधारण १ कोटी घे आणि गप खेळ. त्या वर्षी तो ९६२ यार्डांवर थांबला. जोन्स आधी मानेमुळे आणि मग गुडघ्यामुळे घरी बसला. समोरच्यांना अडवून धरणारी आमची फळी इतकी फुसकी होती की वर्षभरात जायंट्सच्या क्वार्टरबॅकना ८५ वेळा बॉलसकट आडवं केलं गेलं.

तर २०२४ चा हिवाळा. वादाची जागा शेजाऱ्याचं गॅरेज. बर्फ उपसून झाला की फावडी भिंतीला टेकवायची, हीटरपुढे हातमोजे वाळत टाकायचे आणि सुरू. मी दिवसभर विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. मी घरून लॅपटॉप नेला. एक्सेलची शीट केली होती: रनिंग बॅकचं वय एका बाजूला, दर धावेमागे यार्ड दुसऱ्या बाजूला. सत्ताविसाव्या वर्षापाशी लाल रंग दिला होता. लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा असते, सगळ्या ३२ टीमना सारखीच, त्या वर्षी २५ कोटी ५४ लाख डॉलर. एकाला जास्त दिले की दुसऱ्याच्या ताटातले कमी होतात. मी म्हटलं, जोन्सचे पैसे आता परत येणार नाहीत. उरलेले अडवणाऱ्या फळीची भिंत बांधायला वापरा, फुटक्या भिंतीवर नक्षी कशाला?

शेजारी म्हणाला, जाऊ दे त्याला, मुळात घेतलाच कशाला. म्हणजे निकाल माझ्या बाजूने पण कारण सहा वर्षं जुनं.

मुलगा पायरीवर बसून ऐकत होता. म्हणाला, "बाबा, तुझ्या शीटमध्ये सेक्वॉनचं नावच नाहीये."

खरंच नव्हतं. मी म्हटलं, त्याचं नाव घालायची गरज नाही, हे सगळ्यांचं सरासरी आहे. त्यावर तो काही बोलला नाही. आता ते आठवलं की मला जरा कसंसंच होतं.

११ मार्च २०२४, सोमवार. बार्कली फिलाडेल्फियाला, तीन वर्षांचे ३ कोटी ७७ लाख ५० हजार. बाजारभावाने काही डोळे फिरावेत असा आकडा नव्हे, पण गाव बघा! फिलाडेल्फिया इथून दीड तासावर, एकाच गटातलं, वर्षातून दोनदा तोंड बघावं लागणारं. भाऊबंदकीत जमीन विकायची आणि तीही बांधाला बांध लागून असलेल्या चुलत्याला, तसं झालं. रेडिओवर जायंट्सचा जुना रनिंग बॅक टिकी बार्बर बोलून गेला की आता तू आम्हाला मेलास. त्याच दिवशी आमच्या लोकांनी कॅरोलायनाकडून ब्रायन बर्न्स आणला, समोरच्या क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाणारा. त्याला पाच वर्षांचे १४ कोटींच्या वर. आणि बार्कलीच्या जागी डेव्हिन सिंगलटेरी, तीन वर्षांचे १ कोटी ६५ लाख. चांगला कामसू माणूस. चुली पेटत्या ठेवणारा म्हणतात ना, तसा. त्याची जर्सी घातलेला पोरगा मात्र मी आजवर पाहिलेला नाही.

त्याच दिवसांत ठाण्याहून भावाचा फोन आला. मी माझं रडगाणं लावलं, तर म्हणाला, "तुझं ते सोड, इथे रोहितला उतरवलाय." मुंबई इंडियन्सने डिसेंबरात हार्दिक पंड्याला कप्तान केला होता, पाच ट्रॉफ्या आणून देणाऱ्या रोहितला बाजूला करून. कारण तेच, पुढचा विचार. वानखेडेवर घरच्याच कप्तानाची हुर्यो झाली आणि टीम दहातली दहावी आली. दादाकडे एक्सेल नव्हती, तरी तो पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. पण रोहित निदान त्याच टीममध्ये होता. आमचा तर सीमेपार गेला.

उन्हाळ्यात आणखी फजिती. टीमच्या ऑफिसात टीव्हीवाल्यांचे कॅमेरे लावले होते, तेव्हा बंद खोलीतलं सगळं आम्हाला दिसलं. मालक जॉन मारा जनरल मॅनेजर जो शोनला सांगतो की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागायची नाही. शोनचं म्हणणं वेगळं: ज्याला वर्षाला चार कोटी देतोय तो काही सव्वा कोटीच्या गड्याच्या हातात बॉल ठेवायला नाही. मला ते वाक्य ऐकून घाम फुटला, कारण ते जवळजवळ माझंच होतं. गॅरेजमधलं.

२० ऑक्टोबरला बार्कली ईस्ट रदरफर्डला, जायंट्सच्या मैदानावर आला, फिलाडेल्फियाच्या हिरव्या कपड्यांत. शेजाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्याची दोन तिकिटं आम्हाला मिळाली. मुलगा सतरा वर्षांचा. निघताना त्याने ती निळी जर्सी घातली, आणि दारात उभा राहिला तेव्हा मी पाहिलं, खांदे बरोबर खांद्यांवर, बाह्या कोपरापर्यंत. सहा वर्षांनी माप बसलं होतं, आणि माणूस गेला होता.

स्टेडियममध्ये लोक हुर्यो करत होते, काही टाळ्याही वाजवत होते. मी दोन्ही खिशांत हात घालून उभा. त्याने सतरा वेळा बॉल घेतला आणि १७६ यार्ड गेला. आमच्या अख्ख्या टीमला तीन गुण. २८-३. शेवटी त्याच्या कोचने विचारलं, आणखी थोडे यार्ड काढ, तुझा वैयक्तिक उच्चांक होईल. तो म्हणाला नको, पोरांना खेळू दे, आणि बाहेर जाऊन बसला. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी फक्त हेल्मेट काढून हसणारा माणूस दिसत होता. मुलगा म्हणाला, "इथे असताना एवढा हसायचा नाही." मी लक्ष दिलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. तो त्या वर्षी २००५ यार्ड धावला. दोन हजार ओलांडणारा लीगच्या इतिहासातला नववा. १९८४ चा एरिक डिकरसनचा २१०५ चा विक्रम मोडायला १०१ कमी. शेवटची मॅच होती आमच्याशीच, आणि त्यांनी त्याला विश्रांती दिली. प्लेऑफची जागा पक्की होती, उगाच दुखापत नको. शेजारी खूश, म्हणाला निदान विक्रम तरी आपल्या छातीवर झाला नाही. मला त्यात जास्त अपमान वाटला. आम्ही ३ जिंकून १४ हरलो होतो, टीमच्या शंभराव्या सीझनमध्ये. जोन्सला नोव्हेंबरातच सोडून दिला. डिसेंबरात कोणीतरी विमान भाड्याने घेऊन स्टेडियमवरून फलक फिरवला, मारासाहेब पुरे आता, हा उकिरडा साफ करा अशा अर्थाचा. तेल गेलं, तूप गेलं, धुपाटणं मात्र १६ कोटींचं.

आता मूळ प्रश्न. चुकलं का? माझी शीट मी अजून पुसलेली नाही आणि तिच्यात बेरजेची चूक नाही. फिलाडेल्फियाच्या अडवणाऱ्या फळीत लेन जॉन्सन होता, ऑस्ट्रेलियातून रग्बी सोडून आलेला साडेसहा फुटांहून उंच जॉर्डन मायलाटा होता. त्या भिंतीमागून बार्कली दर धावेला ५.८ यार्ड गेला. आमच्याकडे शेवटच्या वर्षी ३.९. इथे राहिला असता तर दोन हजार सोडाच, हजारालाही घासाघीस झाली असती. घोडचूक २०२४ ची नाही, आदल्या वर्षीची: जोन्सच्या कागदावर सही केली तिथेच याचे पैसे संपले होते. सोडलं त्यात चूक नाही असं मी गॅरेजमध्ये आजही सांगतो.

पण एक हिशेब मी केलाच नव्हता, आणि तो मुलाने करून दाखवला, ऑक्टोबरात परत येताना, टर्नपाइकवर. म्हणाला, तो असता तरी आपण हरलोच असतो ना? म्हटलं हो. "मग त्याच्याबरोबरच हरलो असतो की." मी जनरल मॅनेजरसारखा विचार करत बसलो होतो, आणि मला त्या कामाचा कोणी पगार देत नाही. पार्किंगचे पैसे मात्र मी भरतो. डिसेंबरच्या थंडीत चार तास उघड्यावर बसायला एक तरी कारण लागतं. दर मॅचला कधीतरी, एकदाच का होईना, बॉल त्याच्या हातात गेला की ऐंशी हजार माणसं उभी राहायची. ते माझ्या शीटच्या कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

जर्सी खुंटीवर का, तर त्याचं कारण आई. त्या हिवाळ्यात ती साताऱ्याहून आली होती. मुलाने जर्सी काढून टाकली ती तिने उचलली. साडी, त्यावर स्वेटर, त्यावर २६ नंबर. एवढी मोठी आणि ऊबदार, नुसती पडून कशाला राहायची, म्हणाली. त्याच वेषात ती अंगणात चिमण्यांना दाणे टाकायची आणि शेजारी तिला सलाम ठोकायचा.

९ फेब्रुवारी २०२५, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. फिलाडेल्फिया विरुद्ध कॅन्सस सिटी. आमच्या घरात फिलाडेल्फियाच्या नावाने टाळी वाजवायची नाही असा नियम. त्या दिवशी बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता आणि टीव्हीवाले ते सारखं सांगत होते. आईला इंग्रजी कळत नाही, पण बर्थडे कळतं.

"कोणाचा रे वाढदिवस?"

"तुझ्या अंगावर नाव आहे त्याचा."

"आणि घरात गोड काही नाही?"

मी नियम समजावून सांगितला. ती ऐकत ऐकतच स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने रवा भाजल्याचा वास आला. हाफटाइमला २४-० होतं आणि शिरा तयार. मुलाने दोनदा घेतला. मी नको म्हटलं. मग केळं घालून केलाय म्हणाली, प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून वाटी पुढे केली.