केप हॅटरस: तीन दीपगृहं आणि एक होडी

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून सुटून अटलांटिकमध्ये पुढे झुकलेली वाळूची लांबट, चिंचोळी बेटं म्हणजे आऊटर बँक्स. त्यांतला मोठा भाग केप हॅटरस नॅशनल सीशोर, म्हणजे राष्ट्रीय उद्यानासारखा जपलेला समुद्रकिनारा, यात येतो. १९३७ साली मंजुरी मिळालेलं हे देशातलं पहिलं नॅशनल सीशोर. आम्ही मे महिन्याच्या अखेरीस तीन दिवस काढून उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेलो. तुम्हीही हाच क्रम ठेवा, कारण एनसी १२ हा एकच रस्ता आहे आणि शेवटी फेरी बोट लागते.

पहिला थांबा बॉडी (Bodie) आयलंड. स्पेलिंग पाहून आपण 'बोडी' म्हणतो, तिथले लोक मात्र 'बॉडी'च म्हणतात. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं हे दीपगृह १८७२ सालचं. याच्या आधीचं दीपगृह १८६१ मध्ये, यादवी युद्धात, कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, सैन्याने माघार घेताना उडवून दिलं होतं. वर जायला २१४ पायऱ्या आहेत. लोखंडी जिना भिंतीला टांगल्यासारखा आहे, म्हणून एका टप्प्यावर एका वेळी एकालाच चढू देतात. घाई करू नका. प्रत्येक टप्प्यावर थांबून दम खाता येतो. आत पंखा नाही, वारा नाही, त्यामुळे सकाळची पहिली वेळ गाठा. तिकिटं त्याच दिवशी सकाळी ७ वाजता ऑनलाइन सुटतात आणि पटापट संपतात. ४२ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वर सोडत नाहीत, हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. दरवाजाशी जाऊन रडारड झालेली आम्ही पाहिली. आणि डासांचं मलम विसरू नका, भोवती सगळी दलदल आहे.

तिथून ओरेगॉन इनलेटवरचा नवा उंच पूल ओलांडून आम्ही रोडँथीला आलो. या सहलीत मला सगळ्यांत जास्त काही मिळालं ते इथे. चिकामाकॉमिको हे १८७४ सालचं जीवरक्षक ठाणं. बहुतेक गाड्या समोरून सरळ हॅटरसकडे निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उत्तरेकडे जाणारा गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरी प्रवाह आणि लॅब्राडॉरकडून येणारं थंड पाणी हॅटरसच्या टोकाशी भिडतात. त्यात डायमंड शोल्स, म्हणजे पाण्याखाली सतत सरकत राहणारे वाळूचे बांध. दीपगृह जहाजाला फक्त सावध करतं. जहाज तरीही रुतलं, तर लाटांत होडी घालून जायचं काम या ठाण्यांतल्या माणसांचं.

१६ ऑगस्ट १९१८ रोजी जर्मन पाणबुडीमुळे 'मर्लो' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज इथून जवळच फुटलं. तेल समुद्रावर पसरून पेटलं. याच ठाण्यातले जॉन ॲलन मिजेट ज्युनियर आणि त्यांचे पाच सोबती त्या आगीत होडी घेऊन शिरले आणि ५१ पैकी ४२ जणांना किनाऱ्यावर घेऊन आले. ती होडी, क्रमांक १०४६, आजही तिथल्या शेडमध्ये आहे. साधी लाकडी होडी, दोन्ही टोकांना निमुळती. तिच्या काठाशी उभं राहिल्यावर मी कितीतरी वेळ काही बोलू शकले नाही. उन्हाळ्यात इथे दोरखंडावरून माणूस ओढून आणण्याचं जुनं प्रात्यक्षिकही करून दाखवतात. वार आधी विचारून त्याप्रमाणेच सहल आखा. या ठाण्याचं तिकीट वेगळं असतं.

याच किनाऱ्यावर पी आयलंडचं ठाणंही होतं. तिथले सगळे जीवरक्षक कृष्णवर्णीय होते आणि त्यांचे प्रमुख रिचर्ड एथरिज गुलामीत जन्मलेले. ऑक्टोबर १८९६ च्या वादळात होडी घालणं अशक्य झालं, तेव्हा त्यांची माणसं कमरेला दोर बांधून पोहत गेली आणि 'ई. एस. न्यूमन' जहाजावरच्या नऊही जणांना घेऊन आली. त्यांना सुवर्णपदक मिळालं ते १९९६ मध्ये, पूर्ण शंभर वर्षांनी. ठाणं आता उरलेलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची इमारत मँटिओ गावात छोटं संग्रहालय म्हणून जपली आहे. ती पाहायला आधीच अर्धा तास राखून ठेवा.

बक्स्टनचं हॅटरस दीपगृह म्हणजे काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचा, १९८ फुटांचा विटांचा मनोरा. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्ती चालू असल्याने चढणं बंद होतं, त्यामुळे निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर चौकशी कराच. चढता आलं नाही तरी जुनी जागा पाहायला समुद्राकडे चालत जा. १८७० मध्ये पाण्यापासून सुमारे १,५०० फुटांवर बांधलेल्या या मनोऱ्यापर्यंत समुद्र येऊन ठेपला होता. १९९९ च्या उन्हाळ्यात हा ४,८०० टनांचा मनोरा पायापासून कापला, जॅकवर उचलला आणि एका वेळी पाच-पाच फूट ढकलत २३ दिवसांत २,९०० फूट आत नेला. ते अंतर स्वतः चालून गेल्याशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत चाला, सावली कुठेच नाही.

रस्त्याबद्दल थोडं. वादळी वारा असला की एनसी १२ वर वाळू आणि पाणी येऊन तो बंद पडतो, म्हणून परतीला एक दिवस हाताशी ठेवा. पुळणीवर गाडी न्यायची तर परवाना लागतो आणि टायरमधली हवा कमी करावी लागते. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. समुद्रात ओढ जबरदस्त आहे, जीवरक्षक असतील तिथेच पाण्यात उतरा.

तिसऱ्या दिवशी हॅटरस गावातून ओक्राकोक बेटाची फेरी बोट घेतली. गाडीसकट फुकट, साधारण तासाभराची. जो आधी येईल तो आधी, म्हणून आम्ही सकाळी लवकर रांगेत लागलो. उतरल्यावर गावापर्यंत अजून वीसेक किलोमीटर आहेत. १८२३ चं ओक्राकोक दीपगृह ठेंगणं, पांढरंशुभ्र. आत चढता येत नाही आणि गाडी लावायला जागा अगदी थोडी, तेव्हा गाडी गावात ठेवून पायीच जा. जवळच, झाडांच्या सावलीत, छोटं ब्रिटिश कब्रस्तान आहे. मे १९४२ मध्ये 'बेडफर्डशर' ही ब्रिटिश गस्तीनौका जर्मन पाणबुडीने बुडवली, तिच्यावरचे चौघे इथे पुरले आहेत. पांढऱ्या कुंपणाच्या आत चार थडगी आणि वर ब्रिटिश झेंडा. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. परतीच्या फेरीची रांग दुपारनंतर वाढते, त्यामुळे इथे रेंगाळायचं असेल तर दीपगृहाआधी इथे या.