खतावणीची चित्रे

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचा जुना हिशेब नव्या संगणकप्रणालीत आणण्याचे काम वैशाखात माझ्याकडे आले. संस्थेचे सभासद बहुतेक कापूस-सोयाबीनचे शेतकरी, मोंढ्यातील हमाल आणि बाजारपेठेतील लहान दुकानदार आहेत. जुनी प्रणाली ज्यांनी करून दिली होती, त्यांचा व्यवसाय केव्हाच बंद पडला होता. माहितीच्या साठ्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता, आणि परवान्याची मुदत संपल्यामुळे छपाई व अहवाल हे दोन्ही पर्याय बंद झाले होते. खाते क्रमांक टाकून एंटर दाबले की त्या खात्याची खतावणी, म्हणजे व्यवहारांची व शिलकीची नोंद, पडद्यावर दिसे, एवढीच सोय शिल्लक राहिली होती.

तेव्हा पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र घेणे, म्हणजे प्रत्येक खात्याचा स्क्रीनशॉट काढणे, हाच मार्ग उरला. हे काम माणसाने हाताने केले असते तर क्रमांक टाका, एंटर दाबा, चित्र घ्या, त्याला नाव द्या, पुन्हा पुढचा क्रमांक टाका, असे दिवसच्या दिवस चालले असते, आणि थकलेल्या हाताने एक जरी क्रमांक चुकवला असता तरी एकाची ठेव दुसऱ्याच्या नावावर दिसली असती. म्हणून कळा दाबण्याचे काम संगणकाकडेच सोपवायचे मी ठरवले. पायथॉन भाषेत पायऑटोगुई नावाचे मोफत साधन आहे. ते कीबोर्डला हात न लावता कळ दाबल्याचा संकेत विंडोजला देते आणि पडद्याचे चित्रही घेते. संस्थेचा संगणक विंडोज ७ वर चालत होता, त्यामुळे त्यावर चालणारी पायथॉनची शेवटची मालिका, म्हणजे ३.८, घ्यावी लागली. मूळ हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली आणि तिच्या हुबेहूब प्रतीवरच काम करायचे हे आधी निश्चित केले. लोकांच्या पैशांच्या नोंदी असलेल्या यंत्रावर आपोआप कळा दाबणारा प्रोग्राम चालवताना याहून कमी काळजी घेणे मला मान्य नाही.

रविवार होता, संस्थेला सुट्टी होती. कूलर लावून मी, संस्थेचे सचिव आणि तिथे हयात घालवलेले लेखनिक मामा असे तिघे बसलो. सुरुवातीलाच एक अडचण आली. नोटपॅडमध्ये कळा व्यवस्थित उमटत होत्या, पण जुन्या प्रणालीची खिडकी मात्र ढिम्म होती. कारण शोधायला वेळ लागला नाही. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजमध्ये असा बंदोबस्त आहे की, साध्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम प्रशासकीय अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला कळा पाठवू शकत नाही. जुनी प्रणाली प्रशासकीय अधिकारानेच उघडत असे. माझा प्रोग्रामही तसाच उघडला आणि क्रमांक उमटू लागले.

पहिल्या काही खात्यांची चाचणी घेतली. क्रमांक उमटत होता, खतावणी उघडत होती, चित्र साठत होते, एस्केप दाबून पडदा कोरा होत होता, आणि पाहणाऱ्याला सगळे सुरळीत वाटावे असेच ते दृश्य होते. मामा मात्र चष्मा वर सरकवून पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, “थांबा दादा. हे खातं लई वर्षांपासून बंद हाय. इथं लाल पट्टी येती, तिला आधी एंटर मारावं लागतंय. नाहीतर पुढचा नंबर घेतच नाही ते.”

मी लगेच माउस पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात नेला. पायऑटोगुईमध्ये ही सोय मुळातच आहे: माउस कोपऱ्यात गेला की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. मग साठलेली चित्रे एकेक करून उघडली. व्यवहार नसलेल्या खात्याशी पडद्याच्या तळाला एक बारीक लाल पट्टी येत होती. प्रोग्रामने पाठवलेला एस्केप ती पट्टी घालवण्यात खर्ची पडत होता, पुढचा क्रमांक वाया जात होता, आणि मागच्याच खात्याची खतावणी पुढच्या क्रमांकाच्या नावाने साठत होती. अशी बंद खाती शेकड्यांनी होती. चित्र स्पष्ट, आकडे स्पष्ट, आणि वर नाव मात्र भलत्याच सभासदाचे. याहून घातक चूक हिशेबात मला सुचत नाही, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही.

कळ दाबणारे साधन पडदा पाहत नाही. ठरलेला वेळ थांबायचे आणि पुढची कळ दाबायची, एवढेच त्याला कळते. म्हणून मी रचना बदलली. लाल पट्टीच्या जागेचा रंग आधी तपासायचा आणि तो लाल असेल तर एंटर द्यायचा. ठराविक सेकंद थांबण्याऐवजी पडद्यावरील खाते क्रमांकाचा तुकडा आधीच्या तुकड्यापेक्षा बदलेपर्यंत थांबायचे, आणि ठरलेल्या मर्यादेत बदल झाला नाही तर चित्र न घेता काम थांबवायचे. शिवाय प्रत्येक चित्राचा हॅश, म्हणजे त्याच्या माहितीवरून निघणारा ओळख-क्रमांक, काढून तो आधीच्या चित्रांशी ताडायचा, म्हणजे एकच खतावणी दोन नावांनी साठली तर ती तिथल्या तिथे पकडली जाईल. पडद्यावर आणखी कुठे काय अडते, हे मामांना विचारून लिहून घेतले. संयुक्त खात्यात दुसरे पान असते, तारण कर्जाच्या खात्यात जामीनदाराची चौकट वर येते, अशा गोष्टी कुठल्याही माहितीपुस्तिकेत नव्हत्या. त्या फक्त मामांना ठाऊक होत्या.

चित्रे पीएनजी या माहिती न गाळणाऱ्या स्वरूपातच ठेवली. जेपीईजीत आकड्यांच्या कडा पुसट होतात आणि ३ व ८ मधला फरक धूसर होतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले होते की, एका नामांकित बनावटीच्या स्कॅनयंत्रांत प्रतिमा लहान करण्याच्या पद्धतीमुळे कागदावरचा ६ हा प्रतीत चक्क ८ होत होता, तोही अगदी ठसठशीत. ते प्रकरण वाचल्यापासून हिशेबाच्या कागदांसाठी मी माहिती गाळणारे कोणतेच स्वरूप वापरत नाही.

दुपारनंतर काम पुन्हा सुरू झाले. एका खात्याला ४ सेकंद धरले तर तासाला ९०० खाती होतात, आणि वेग साधारण तेवढाच पडत होता. पडदा बंद होणे, लॉक लागणे या सेटिंग आधीच काढून टाकल्या होत्या, कारण लॉक लागलेल्या पडद्यामागे पाठवलेल्या कळा खिडकीपर्यंत पोहोचत नाहीत. ऊन तापलेले असतानाच वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर राहिला, कूलर बंद झाला, आणि मामा वर्तमानपत्राने वारा घेत पडद्यावरून नजर न हलवता बसून राहिले. मधूनच ते एखाद्या खात्याचे नाव वाचून त्या माणसाचे गाव सांगत.

अंधार पडल्यावर शेवटचे खाते झाले. प्रोग्राम वाटेत काही ठिकाणी आपणहून थांबला होता. ती सगळी खाती आम्ही हाताने उघडून पाहिली आणि चित्रे घेतली. नंतर चित्रांतील अखेरच्या शिल्लक रकमा ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे-आकडे ओळखणाऱ्या प्रोग्रामने, वाचून त्यांची बेरीज केली आणि ती मामांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या तेरजेशी, म्हणजे हिशेबाच्या गोषवाऱ्याशी, ताडली. फरक निघाला. तो एका बचत खात्यात सापडला: ओसीआरने ३ ला ८ वाचले होते, चित्रात मात्र ३ स्वच्छ दिसत होता. तो आकडा दुरुस्त केल्यावर दोन्ही बेरजा पैशापर्यंत जुळल्या.

चित्रांच्या दोन प्रती केल्या, एक संस्थेच्या तिजोरीसाठी आणि एक लेखापरीक्षकांसाठी. नव्या प्रणालीत प्रत्येक खाते भरताना त्यासोबत त्याच्या जुन्या खतावणीचे चित्रही जोडून द्यावे, असे मी सचिवांना सुचवले. पुढे एखादा सभासद पासबुक घेऊन आला आणि शिल्लक जुळली नाही, तर खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला ते चित्र उघडून त्याच्यासमोर ठेवता येईल. सचिवांनी ते मान्य केले, आणि ही जोडणी तपासण्याचे काम मामांनी आपल्याकडे मागून घेतले.