बियांच्या कुंड्या: अकराव्या आठवड्याची नोंद

बीजधारी वनस्पतींच्या प्रत्येक मुख्य गटातलं एक तरी रोप स्वतः रुजवून बघायचं, असं ठरवलंय. आज जगात असे गट पाच: सायकस, गिंको, सूचिपर्णी, नीटम-एफेड्रा-वेलविचियाचा लहानसा गट आणि फुलणाऱ्या वनस्पती. पहिले चार अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बियांचे, सगळे मिळून जेमतेम हजारभर जाती. एकट्या फुलणाऱ्यांच्या मात्र तीन लाखांच्या आसपास.

या आठवड्याचा मान सूचिपर्णी गटातल्या पाइनचा. नऊ बिया पेरल्या होत्या, चार उगवल्या. रोप वर येताना बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन येतं. टोपी गळली की बीजपत्रं, म्हणजे बीमधली पहिली पानं किंवा दलं, छत्रीच्या काड्यांसारखी पसरतात. भिंगाखाली मोजली: एकाला सात, दुसऱ्याला आठ! शेजारी मका एकदल, वाल द्विदल. म्हणजे दलं मोजून करायची विभागणी फुलणाऱ्यांच्या घरातली. त्याबाहेर ती लावायचीच नाही. अनावृतबीजी आणि फुलणाऱ्यांतला खरा फरक बीजांड, म्हणजे ज्याची पुढे बी होते ते, कुठे असतं यात आहे. वालाचं बीजांड अंडाशयात बंद असतं, त्याच अंडाशयाची पुढे शेंग होते. पाइनचं शंकूच्या खवल्यावर उघडंच. वाळलेल्या शंकूचा एक खवला उचकटून पाहा, दोन पंखधारी बियांचे ठसे शेजारी शेजारी दिसतात. तोच शंकू पाण्यात टाकला, तर तासा-दोन तासांत सगळे खवले मिटले.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. पाइन आणि वालाची एकेक जादा कुंडी पेरणीपासून खोक्याखाली ठेवली होती, कडांना काळी चिकटपट्टी लावून. वालाचं खोकं दुसऱ्याच आठवड्यात काढलं: लांबच लांब, फिकट पिवळा कोंब. पाइनचं परवा उघडलं. रोप किडकिडीत, पण बीजपत्रं हिरवी! फुलणाऱ्या वनस्पतींना हरितद्रव्य तयार करायच्या शेवटच्या टप्प्यात उजेड लागतोच. पाइनकडे त्याच कामासाठी आणखी एक विकर (एन्झाइम) असतं, ते अंधारातही चालतं. वाचून माहीत होतं, तरी डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

गिंको अजून फ्रिजमध्ये, ओल्या वाळूत. बाहेरचा गर काढताना हातमोजे घालाच, वास उग्र असतो आणि त्वचेची आग होते. हा गर फळाचा नाही, बीच्याच आवरणाचा. याच झाडाचे पोहणारे शुक्राणू जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ साकुगोरो हिरासे यांनी 1896 मध्ये पाहिले होते. त्याच वर्षी सायकसमध्येही ते सापडले.

सायकसची बी मात्र आहे तशीच. दाबून पाहिली, आत घट्ट आहे, म्हणून थांबतोय.

चौथ्या गटाची कुंडी रिकामी आहे. एफेड्राचं बी कुणी रुजवलं असेल तर किती दिवस लागले आणि माती कशी ठेवली, तेवढं कळवा.